पाटावर बसून पाहिलेला जपान

आमच्या चित्रपट मंडळात गेली कित्येक वर्षं एकच भांडण चालू आहे. जपानी दिग्दर्शकांत कुरोसावा मोठा की ओझू मोठा, की दोघांना बाजूला ठेवून मिझोगुचीलाच पहिला पाट द्यायचा? पुण्यात सरांच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा आम्ही पंधरा-वीस जण जमतो. भिंतीवर पांढरी चादर लावतो, चित्रपट पाहतो, नंतर चहा-पोहे आणि रात्री अकरापर्यंत वाद. सर कुरोसावाचे. कॉलेजात मराठी शिकवायचे, पण शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक तुकडीला 'इकिरू' दाखवल्याशिवाय त्यांनी निरोप दिला नाही. माझी आतेबहीण, जिला अख्खं मंडळ ताईच म्हणतं, ती मिझोगुचीची. आणि मी ओझूचा.

यंदा आम्ही तिघं जपानला जाऊन आलो. तारीख माझ्या हट्टानं ठरली. ओझू जन्मला १२ डिसेंबर १९०३ ला आणि गेला १२ डिसेंबर १९६३ ला, नेमका साठाव्या वाढदिवशी. आपल्याकडे साठीशांत करतात, तसा जपानातही साठावा वाढदिवस मोठा मानतात, साठ वर्षांचं एक चक्र पुरं झालं म्हणून. त्या दिवशी त्याच्या थडग्यापाशी उभं राहायचं, एवढं पक्कं करून बाकीचा प्रवास त्याभोवती बसवला.

पहिला दिवस, १० डिसेंबर : क्योबाशी

सकाळी टोक्योत उतरलो. हॉटेलात सामान टाकलं आणि झोप न काढता थेट क्योबाशीला गेलो. जपानचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथं आहे. सातव्या मजल्यावर जपानी चित्रपटाचा इतिहास मांडलाय: जुने कॅमेरे, पोस्टरं, मूकपटांच्या काळातली कागदपत्रं. सर प्रत्येक काचेपुढे इतका वेळ उभे राहिले की ताईनं त्यांच्यासाठी स्टूल शोधून आणलं.

मला मात्र दुसऱ्या मजल्यावरची पाटी पाहायची होती. तिथल्या प्रेक्षागृहाच्या नावातच 'ओझू' आहे. सरकारी इमारतीतल्या एका थिएटरला दिग्दर्शकाचं नाव! आपल्या पुण्यातही १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि पी. के. नायर यांनी फिल्मचे डबे गोळा करकरून ते कसं उभं केलं, हे सरांकडून आम्ही शंभरदा ऐकलंय. सरांनी पहिला कुरोसावा पाहिला तो तिथल्याच रसास्वादाच्या अभ्यासक्रमात. पाटीपुढे उभं राहून ते इतकंच म्हणाले, "नायरसाहेबांना हे आवडलं असतं."

दुसरा दिवस, ११ डिसेंबर : सेइजो आणि जिंबोचो

हा सरांचा दिवस. ओदाक्यू लाइननं सेइजो-गाकुएन-माए स्टेशनला उतरायचं आणि शांत वस्तीतून पायी जायचं. नीटनेटकी घरं, छाटलेली कुंपणं. वळण घेतलं की एकदम तोहो स्टुडिओ. आत सोडत नाहीत, ते माहीतच होतं. पण दारापाशी गॉडझिला उभा आहे आणि एका प्रचंड भिंतीवर सात सामुराई रंगवलेत. 'गॉडझिला' आणि 'सेव्हन सामुराई' दोन्ही १९५४चे, दोन्ही याच कंपनीचे. एकाच वर्षी एकाच घरातून ही दोन चित्रं बाहेर पडली.

भिंतीपुढे सरांनी आम्हाला शेवटची लढाई सांगितली. पाऊस, चिखल, फेब्रुवारीची थंडी आणि त्यात जवळजवळ उघड्या अंगानं धावणारा तोशिरो मिफुने. चित्रीकरण वर्षभर लांबलं. कुरोसावानं एकाच वेळी अनेक कॅमेरे लावले, कारण चिखलात घसरलेला घोडा दुसऱ्यांदा तसाच घसरत नाही. "पण मला यातला सर्वांत आवडता माणूस शिमुरा," सर म्हणाले. सामुराईंच्या म्होरक्याचं काम करणारा नट तो. "डोक्यावरून हात फिरवतो बघ, केस कापलेल्या डोक्यावरून. सेनापती आहे, पण हात शेतकऱ्याचा." हे वाक्य मी मंडळात यापूर्वीही ऐकलंय. त्या भिंतीखाली ऐकताना अंगावर काटा आला.

दुपारी जिंबोचो, जुन्या पुस्तकांची वस्ती. यागुची शोतेन हे दुकान १९१८ पासून आहे आणि ते चित्रपट-नाटकांच्या पुस्तकांसाठीच ओळखलं जातं. रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या बाहेरच्या भिंतीलाच कपाटं आहेत. उभं राहून चाळा, आवडलं तर आत जाऊन पैसे द्या. आपल्या अप्पा बळवंत चौकाची आठवण येणं साहजिक होतं, फक्त इथं आवाज नाही. जपानात चित्रपटगृहात त्या त्या चित्रपटाची पुस्तिका विकायची पद्धत आहे आणि जुन्या पुस्तिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे अशा दुकानांत मिळतात. ताई एक एक काढून बघत होती. बघता बघता तिनं मला हाक मारली. हातात सत्यजित राय! 'अपूर संसार'ची जपानी पुस्तिका.

तिचं मोल सरांनी लगेच ओळखलं. याच जिंबोचोच्या चौकात इवानामी हॉल होता. १९७४ साली तिथं जगभरचे दर्जेदार चित्रपट दाखवायची चळवळ सुरू झाली, आणि तिचा पहिला चित्रपट हाच. जपानी मोठ्या कंपन्या ज्या चित्रपटांना हात लावत नसत, ते दाखवण्याचा विडा दोन बायकांनी उचलला होता: एत्सुको ताकानो आणि काशिको कावाकिता. हॉल २०२२ च्या जुलैमध्ये बंद झाला. आम्ही चौकात जाऊन ती इमारत पाहिली. पुस्तिका सरांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

संध्याकाळी एका छोट्या चित्रपटगृहात नारुसे या दिग्दर्शकाचा १९६०चा चित्रपट लागला होता. गिंझातल्या बारमध्ये काम करणारी विधवा, रोज त्या जिन्याच्या पायऱ्या चढणारी हिदेको ताकामिने. उपशीर्षकं नव्हती, पण आम्हाला तो पाठ आहे. प्रेक्षक बहुतेक सत्तरीच्या पुढचे. टोपी मांडीवर, डबा पिशवीत. पडद्यावर 'समाप्त'चं अक्षर येऊन विरेपर्यंत कोणी खुर्चीतून हललं नाही. नंतर दिवे लागले. आमच्या पुढच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत मागं वळल्या, आमच्याकडे पाहिलं आणि ताईचा हात हातात घेऊन एक शब्द बोलल्या, "ताकामिने." ताई म्हणाली, "ताकामिने." बस, एवढंच. दोघी हसल्या.

तिसरा दिवस, १२ डिसेंबर : किता-कामाकुरा

टोक्योहून योकोसुका लाइनवर तासाभराचा प्रवास. किता-कामाकुरा हे छोटंसं स्टेशन आहे, अरुंद फलाट, डोंगर अंगावर आलेला. ओझूचा 'लेट स्प्रिंग' (१९४९) याच स्टेशनानं सुरू होतो. मी गाडीतून उतरलो आणि पाय पुढे टाकवेना. पंचवीस वर्षं जो फलाट चादरीवर पाहिला, त्यावर माझे बूट होते. गाडी निघून गेली, फाटकाची घंटा थांबली आणि पाखरांचा आवाज ऐकू यायला लागला.

एन्गाकु-जी हे झेन मंदिर १२८२ साली होजो तोकिमुनेनं उभारलं. गंमत अशी की रेल्वे मंदिराच्या आवारातूनच गेलीये. तळं रुळांच्या एका बाजूला, पायऱ्या आणि मोठं दार दुसऱ्या बाजूला. भक्त रूळ ओलांडून देवळात जातात. ओझूच्या चित्रपटांत गाड्या इतक्या का, याला विद्वानांची बरीच उत्तरं आहेत. मला त्या फाटकापाशी उभं राहिल्यावर वाटलं, जो माणूस इथं राहायचा, त्याच्या दिवसाच्या मधूनच गाडी जायची. १९५२ पासून तो आईबरोबर किता-कामाकुरातच राहिला. लग्न केलं नाही. आयुष्यभर लग्नांवर, मुलीच्या पाठवणीवर, एकट्या राहिलेल्या बापांवर चित्रपट केले.

मेपलची पानं अजून टिकून होती, काठाशी काळपट झालेली. दफनभूमी चढावर आहे. थडगं शोधायला वेळ लागला नाही, कारण समोर बाटल्या मांडलेल्या होत्या. साके, बिअर, एक व्हिस्कीची लहान बाटली. काळसर दगडाचा चौकोनी ठोकळा आणि त्यावर एकच अक्षर, 'मू'. नाव नाही, तारीख नाही. 'मू' म्हणजे नसणं, शून्य. हे अक्षर इथल्याच मठाधिपतींच्या हातचं, सोगेन आसाहिना यांचं. दगडावर पाणी ओतलेलं होतं, खाचेत थोडं साचून राहिलं होतं आणि त्यात वरच्या झाडाचं एक पान अडकलं होतं. अक्षराच्या उजव्या पायापाशी. ते काढावं की राहू द्यावं, हे मला कळेना. राहू दिलं.

आमच्याआधी एक वृद्ध जोडपं आलेलं. नंतर एक कोरियन विद्यार्थिनी आली, पाठीवर सॅक. कोणालाही कोणाची भाषा नीट येत नव्हती. आजोबांनी सरांना बोटांनी खूण करून विचारलं, आवडता चित्रपट कुठला? मी सांगितलं, "टोक्यो स्टोरी." ते म्हणाले, "शोवा निजूहाची." शोवा अठ्ठावीस, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेलं जपानी वर्ष. सरांनी मनात हिशेब केला, "१९५३!" मग खेळच सुरू झाला. आजोबा शोवाचं वर्ष सांगायचे, आम्ही इसवी सन आणि चित्रपट. शोवा चोवीस? 'लेट स्प्रिंग'. शोवा सव्वीस? 'अर्ली समर'. त्या तिन्हींत सेत्सुको हाराच्या पात्राचं नाव नोरिको आहे, तर कोरियन मुलगी तीन बोटं वर करून म्हणाली, "नोरिको, नोरिको, नोरिको!" आजींनी तोंडावर हात ठेवला. ओझू गेल्याच्या सुमारास सेत्सुको हारानं चित्रपट सोडला, पुन्हा कॅमेऱ्यापुढे आली नाही, आणि इथंच कामाकुरात राहिली. २०१५ च्या सप्टेंबरात गेली, पंचाण्णव वर्षांची होऊन. पन्नासहून जास्त वर्षं गप्प राहिलेल्या बाईचं नाव निघताच त्या चढावर आम्ही सहाही जण एकदम शांत झालो.

ताईनं पुण्याहून डिंकाचे लाडू आणले होते. थडग्यापुढे खाण्याचा पदार्थ ठेवणं बरं दिसेना, म्हणून तिनं ते आजी-आजोबांना आणि त्या मुलीला दिले. आजींनी एक लाडू रुमालात नीट गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मी स्टेशनजवळून घेतलेली साकेची छोटी बाटली इतर बाटल्यांच्या ओळीत ठेवली आणि वाकून नमस्कार केला, आपल्या पद्धतीनं, दगडाला हात लावून. थंडगार होता.

दुपारी कामाकुरा शहरात गेलो. कुरोसावाचं थडगं आन्यो-इन नावाच्या मंदिराकडे आहे. आत जाण्याचा आग्रह आम्ही धरला नाही. सर दारातच उभे राहिले, टोपी काढली, डोळे मिटले. एरवी सर देवळात हात जोडत नाहीत.

तिथून कावाकिता चित्रपट संग्रहालय. नागामासा आणि काशिको कावाकिता या जोडप्याच्या घराच्या जागेवर ते २०१० साली उभं राहिलं. या दोघांनी आयुष्यभर परदेशी चित्रपट जपानात आणले आणि जपानी चित्रपट बाहेर नेले. काशिकोबाई म्हणजे इवानामी हॉलच्या चळवळीतल्याच. आदल्या दिवशी जिंबोचोत घेतलेली पुस्तिका सरांच्या खिशात होतीच. त्यांनी ती तिथल्या काउंटरवरच्या मुलीला दाखवली. ती धावत आतून आणखी दोघांना घेऊन आली. तिघं त्या पुस्तिकेवर वाकले, पानं उलटू लागले, आणि शर्मिला टागोरच्या फोटोपाशी थांबले. सर पुढचा अर्धा तास राय यांच्यावर बोलले, मराठी-इंग्रजी मिसळून, आणि ते तिघं मान डोलावत राहिले.

जेवणाची अडचण ताईचीच होती, कारण ती शाकाहारी आणि इथल्या साध्या रश्शातही माशाचा अर्क असतो. पण कामाकुरात झेन मठांचं शाकाहारी जेवण मिळतं. केंचिन-जिरू नावाचं भाज्या-टोफूचं गरम सार इथल्याच केंचो-जी मठातलं म्हणतात. ताई दोन वाट्या प्यायली.

चौथा दिवस, १३ डिसेंबर : चिगासाकीकान

रात्री मुक्कामाला समुद्राकाठच्या चिगासाकी गावात आलो होतो. चिगासाकीकान हे १८९९ चं जुनं निवासगृह. ओझू आणि त्याचा पटकथाकार मित्र कोगो नोदा इथं महिनोन्‌महिने राहायचे आणि लिहायचे. 'टोक्यो स्टोरी'ची पटकथा १०३ दिवसांत झाली. ओझूची नेहमीची खोली दोन नंबरची. पाहुणे आले की तो स्वतः सुकियाकी रांधायचा आणि त्यात करी पावडर घालायचा. हे ऐकल्यावर ताईच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी विसरणार नाही.

ती खोली रिकामी होती. सकाळी मालकांनी आम्हाला आत बसू दिलं. तातामीच्या चटया, बागेकडचा व्हरांडा, सरकती दारं. मी गुडघे मुडपून बसलो. मग कॅमेरा मांडीपेक्षाही खाली धरून पाहिला. मग सरळ कुशीवर आडवा झालो. आणि तिथं, चटईला कान लागलेला असताना, मला ओझूचा कॅमेरा कळला.

सगळे सांगतात की ओझूचा कॅमेरा खाली असतो, तातामीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. खरं तर तो त्याहूनही खाली असतो. बसलेला माणूससुद्धा त्याला किंचित वर बघून दिसतो. ही उंची मला लहानपणापासून ओळखीची आहे. माझी आजी माजघरात विळीवर बसून भाजी चिरायची आणि मी तिच्या शेजारी जमिनीवर लोळत असायचो. तिथून अख्खं घर दिसायचं, एकामागे एक तीन दारं, शेवटच्या दारात अंगणाचा उजेड. कोणी आलं की आधी पाय दिसायचे, मग धोतराचा किंवा साडीचा काठ, आणि चेहरा सगळ्यात शेवटी, माणूस पाटावर बसल्यावर. उभी माणसं त्या घरात जाण्या-येण्यापुरती. बोलणं, रुसणं, बातमी सांगणं, हे सगळं बसल्यावर. ओझूच्या घरांत हेच चालतं. पन्नास मिलिमीटरची एकच भिंग, न हलणारा कॅमेरा, एकामागे एक चौकटी, आणि माणूस खाली बसेपर्यंत वाट पाहण्याचा धीर. आता आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल आहे. आजीचा पाट माळ्यावर आहे. गेल्यावर तो काढायचा असं त्याच क्षणी ठरवलं.

सर व्हरांड्यात बसून हे ऐकत होते. मी वळून म्हणालो, "सर, 'टोक्यो स्टोरी' इथं लिहिला." ते "हं" म्हणाले आणि बागेकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत सर या चित्रपटावर मंडळात कधीच बोललेले नाहीत. दाखवतात, दिवे लावतात आणि चहाचं बघायला उठतात. मला वाटायचं, कुरोसावावाल्यांचा हेका.

ओदावाराहून शिनकानसेन पकडून संध्याकाळी क्योतोला.

पाचवा दिवस, १४ डिसेंबर : उझुमासा

क्योतोत लोक सोन्याचं मंदिर बघतात. आम्ही ट्राममध्ये बसून उझुमासाला गेलो. दाइएइ कंपनीचा स्टुडिओ इथं होता. कुरोसावाचा 'राशोमोन' (१९५०), मिझोगुचीचे 'उगेत्सु' (१९५३) आणि 'सान्शो दायू' (१९५४) हे सगळे याच आवारातले. १९७१ साली कंपनीचं दिवाळं निघालं आणि पुढे स्टुडिओही गेला. उरलं ते बाजारपेठेच्या रस्त्याचं नाव, दाइएइ-दोरी, आणि 'राशोमोन'ला व्हेनिसला मिळालेल्या सोनेरी सिंहाची एक प्रतिकृती. भाजीच्या दुकानासमोर दाइमाजिन नावाच्या दगडी राक्षसाचा उंचच उंच पुतळा उभा आहे आणि त्याच्याखालून बायका पिशव्या घेऊन जात असतात.

ताईला गहिवरून आलं. ती बँकेत नोकरी करते, पण तिचा खरा जीव छायाचित्रणात. काझुओ मियागावा हा तिचा देव. 'राशोमोन'च्या वेळी जंगलात उजेड पुरेना तेव्हा त्यानं आरसे लावून ऊन पानांतून आत वळवलं. दाराच्या दृश्यात पाऊस पांढऱ्या आभाळापुढे दिसेना, तर पाण्यात काळी शाई मिसळली. आणि हाच माणूस मिझोगुचीसाठी 'उगेत्सु'मधली धुक्यातली होडी टिपतो. मिझोगुची म्हणजे लांबच लांब शॉट, न तुटणारे, बाईच्या दुःखाकडे एकटक पाहणारे. १९५२ ते ५४ अशी सलग तीन वर्षं व्हेनिसला त्याला पारितोषिकं मिळाली आणि १९५६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, याच क्योतोत तो गेला. "आपल्या प्रभातचा स्टेज अजून उभा आहे," ताई म्हणाली. "फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रोज मुलं तिथं शिकतात. इथं एवढं सगळं झालं आणि एक भिंत नाही राहिली." हे तिनं इतक्या कळवळून म्हटलं की मला पुण्याला परतल्यावर प्रभात रोडवरून जाताना मान खाली घालून जाता येणार नाही.

दुपारी तोजी मंदिराजवळ मूळ राजोमोन दाराची, म्हणजे चित्रपटातल्या 'राशोमोन'ची, जागा पाहायला गेलो. क्योतोचा हा जुना दक्षिण दरवाजा शेकडो वर्षांपूर्वीच पडला. आज तिथं गल्लीच्या आत एक लहानसं मैदान आहे, मध्ये कठड्यात एक दगडी खांब, आणि बाजूला घसरगुंडी. चित्रपटातलं दार स्टुडिओत बांधलं होतं आणि ते इतकं प्रचंड झालं की पूर्ण छप्पर खांबांना पेललं नसतं. म्हणून अर्धं छप्पर मोडकं दाखवलं.

दोन मुलं घसरगुंडीवर होती. सर कठड्यावर टेकले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. "बघ," ते म्हणाले, "'राशोमोन'मध्ये शेवटी शिमुरा टाकून दिलेलं मूल उचलून घरी नेतो. दोन वर्षांनी 'इकिरू'मध्ये मरता मरता मुलांसाठी बाग बांधतो. आणि इथं दाराच्या जागेवर कोणीतरी मुलांसाठी मैदानच करून ठेवलंय." त्यांचा आवाज कापला. भांडणात त्या दिवशी मी कुरोसावाला एक गुण देऊन टाकला.

सहावा दिवस, १५ डिसेंबर : ओनोमिची

क्योतोहून फुकुयामापर्यंत शिनकानसेन, पुढे साध्या गाडीनं वीस मिनिटं. 'टोक्यो स्टोरी'तले म्हातारा-म्हातारी याच गावातून मुलांना भेटायला टोक्योला निघतात. मुलं कामात. जेमतेम थोडे दिवस राहून परततात आणि घरी आल्यावर आई जाते. ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पुण्या-मुंबईला मुलाकडे गेलेले गावाकडचे आई-वडील कुठल्या घरात नसतात?

ओनोमिची म्हणजे डोंगर, देवळं, रेल्वे, एक अरुंद गाव आणि लगेच समुद्र. समुद्रही नदीसारखा, पलीकडे मुकाइशिमा बेट इतकं जवळ की तिथला सायकलवाला दिसतो. फेरी सतत ये-जा करते. नोबुहिको ओबायाशी हा दिग्दर्शकही इथलाच, त्यानं आपल्या गावावर चित्रपट केले आणि त्यांच्या चाहत्यांची पिढीच वेगळी आहे. जुन्या गोदामात गावाचं चित्रपट संग्रहालय आहे. तिथल्या पोस्टरांपुढे तीस-पस्तिशीचे दोघे ओबायाशीवर तावातावानं बोलत होते. भाषा कळली नाही, पण सूर आमच्या मंडळातलाच.

गावात एक चित्रपटगृह आहे, 'सिनेमा ओनोमिची'. चित्रपटाचं गाव म्हणून ओळख असलेल्या या गावात एकही थिएटर उरलं नव्हतं, तेव्हा लोकांनी संस्था काढून २००८ साली ते पुन्हा सुरू केलं. आम्ही संध्याकाळचा खेळ पाहिला. कुठला, याला महत्त्व नाही. तिकीट फाडणाऱ्या बाईंना आम्ही भारतातून ओझूसाठी आलोय एवढं सांगितलं, तर त्यांनी कागदावर नकाशा काढून दिला, जोदो-जी मंदिराचा, आणि घड्याळाचं चित्र काढून त्यात सात वाजवले. सूर्योदय.

सातवा दिवस, १६ डिसेंबर : जोदो-जी

साडेसहाला अंधारातच निघालो. रेल्वेच्या पुलाखालून पायऱ्या चढल्या की जोदो-जीचं आवार. सरांचा गुडघा दुखत होता, म्हणून दर दहा पायऱ्यांवर थांबत गेलो. वर अंगणात कबुतरं होती, अजून पिसं फुगवून बसलेली. इथल्या दगडी दिव्यापाशी 'टोक्यो स्टोरी'तला म्हातारा, म्हणजे नट चिशू ऱ्यू, उभा असतो. बायको नुकतीच गेलीये, घर माणसांनी भरलंय, आणि तो एकटा इथं येऊन पहाट बघतोय. सून शोधत येते, तर तो पहाटेविषयी बोलतो आणि आज उकडणार म्हणतो. चित्रपटात उन्हाळा आहे. आम्ही मफलर गुंडाळून उभे होतो.

समुद्राच्या पट्ट्यावर आधी करडा, मग फिका नारिंगी उजेड आला. ताईनं कॅमेरा गुडघ्याजवळ धरला होता, पण फोटो काढला नाही. सर दिव्याच्या बाजूला उभे होते, दोन्ही हात मागे.

"काकूंना 'लेट स्प्रिंग' आवडायचा," ते अचानक म्हणाले. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, जाऊन दीड वर्ष झालं. मंडळाच्या चहा-पोह्यांचं सगळं त्याच बघायच्या. "दर वेळी बघायची ती. पण हा 'टोक्यो स्टोरी' सुरू झाला की अर्ध्यातून उठायची आणि स्वयंपाकघरात जायची. म्हणायची, शेवट नको मला, चहा टाकते. मग मीही उठायचो. तिला तिथं एकटीला का ठेवायचं? शेवट मी नंतर, ती झोपल्यावर बघायचो."

आम्ही काही बोललो नाही. एक भिक्षू खराट्यानं अंगण झाडायला लागला. खालून गाडी गेली, तिचा आवाज डोंगरावर आपटून परत आला आणि कबुतरं एकदम उडाली.

सरांनी त्या भिक्षूकडे बघून मान लववली, कबुतरांच्या दाण्याची पुडी घेतली आणि मला म्हणाले, "तू परवा म्हणत होतास ना, पाट माळ्यावरून काढणार? पुढच्या शनिवारी दोन घेऊन ये हॉलवर. खुर्च्या सरकवून बघू एकदा, खालून कसा दिसतो तो."

मग दाणे टाकत ते हळूहळू अंगणाच्या उजेडाकडच्या बाजूला गेले.